बिनबोर्डाचं दुकान, कॉलेजचं चॅनेल आणि नॅशनलची शिल्ड : जळगावच्या एका कॅमेरा-एडिटिंगवाल्याचा रिव्ह्यू

जळगावात कॅमेरा भाड्याने देणाऱ्यांची काही कमी नाही, लग्नाच्या सीझनला तर दर गल्लीत एक ड्रोनवाला उभा असतो. पण हा रिव्ह्यू लग्नवाल्यांसाठी नाहीये. ज्यांच्या कॉलेजात मास कॉम आहे किंवा नुसतंच हौशी पोरांचं यूट्यूब चॅनेल आहे, आणि ज्यांना वर्षातून एकदा तरी एखादी डॉक्युमेंटरी, एखादं न्यूज बुलेटिन असं काहीतरी नॅशनल लेव्हलच्या स्टुडंट स्पर्धेला पाठवायचंय, त्यांच्यासाठी लिहितेय. प्री-वेडिंगवाल्यांनी इथे जाऊ नका, दुकानाचे मालक नाना तुम्हाला चहा पाजतील आणि दुसऱ्याचा नंबर देतील.

दुकानाचं नाव विचारू नका कारण बोर्डच नाहीये. पूर्वी खाली कुणाचातरी फोटो स्टुडिओ होता त्याचा अर्धा पत्रा अजून लटकतोय, तोच पत्ता. गोलाणी मार्केटहून पायी पाच मिनिटं, आतल्या गल्लीत, वरचा मजला. खाली झेरॉक्सवाल्याला "नाना वर आहेत का" एवढं विचारलं की काम होतं.

माझं म्हणाल तर मी एका कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासाच्या मानधनावर) शिकवते, आणि सीएचबीवाल्याच्या गळ्यात जे जे पडतं त्यात आमचं चॅनेल पण आहे. चॅनेल म्हणजे काय, यूट्यूबवरचं एक पेज, विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवाचे व्हिडिओ, प्राचार्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, आणि मधेच कुठेतरी पोरांनी खरंच जीव ओतून केलेली एखादी फिल्म. डिपार्टमेंटकडे एक कॅमेरा आहे, त्याची बॅटरी फुगलेली आहे, नवीन बॅटरीची फाईल कुठे आहे ते फक्त ऑफिसला माहीत. म्हणून नाना.

भाडं परवडणारं आहे. डीएसएलआर किट लेन्ससकट दिवसाला आठशे-हजार, स्टुडंटला आयकार्ड दाखवलं की त्यात घासाघीस चालते. कॉलर माईक दोनशे, झूम कंपनीचा आवाजाचा छोटा रेकॉर्डर तीनशे, एलईडी पॅनेल स्टँडसकट तीनशेच्या आसपास. डिपॉझिट म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स आणि कॉलेजच्या लेटरहेडवर सही. मशीन सगळी जुनी आहेत पण स्वच्छ, लेन्सवर बोटाचा ठसा दिसला तर परत देताना नाना पोरांना तिथेच उभं करून पुसायला लावतात.

पण खरी गंमत पुढे आहे. तुम्ही कॅमेरा मागायला गेलात तर नाना आधी विचारणार की कुठे शूट आहे, आत की बाहेर, माणसं किती बोलणार, पंखा आहे का, कूलर आहे का. आता मे महिन्यात जळगावात कुणाच्या घरी कूलर नसणार? बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, आत तो पत्र्याचा डबा घरघरतोय, आणि पोरं कॅमेऱ्यातला माईक चालू करून मुलाखत घेऊन येतात. मग एडिटिंगला बसल्यावर शेतकरी दादांचं तोंड हलतंय आणि ऐकू येतोय कूलर. नाना अशा वेळी कानाला हेडफोन लावून दोन मिनिटं गप्प ऐकतात, मग हेडफोन काढून शांतपणे म्हणतात, "चित्र तं बेस शे, पन आवाज कोठे शे भो?" हे वाक्य आमच्या डिपार्टमेंटमध्ये आता म्हणीसारखं झालंय, परीक्षेचा पेपर कोरा सोडला तरी पोरं हेच म्हणतात.

यावर त्यांचा नियम साधा आहे. कॅमेरा कोणताही न्या, फोनवर केलं तरी चालेल, पण कॉलर माईक वेगळा आणि रेकॉर्डिंग वेगळं. कूलर दहा मिनिटं बंद करायला सांगायचा, घरचे नाही म्हणाले तर अंगणात निंबाखाली बसायचं. वारा असेल तर माईकवर ते केसाळ कव्हर. आणि मुलाखत संपल्यावर कुणीच काही न बोलता अर्धा मिनिट त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करून आणायचा, कारण मधले खोकले, अडखळणं कापलं की तिथे भोक पडतं आणि ते भोक बुजवायला त्याच जागेची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. पोरांना हे पहिल्यांदा येडेपणा वाटतो. रावेरकडे केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमध्ये शूट करून आली तेव्हा पटलं, त्या मशीनची घूं घूं आहे ती प्रत्येक वाक्यामागे सारखी राहिली म्हणून ऐकणाऱ्याला टोचली नाही, नाहीतर कट कट कट ऐकू आलं असतं.

माझं स्पष्ट मत आहे की स्टुडंट स्पर्धेत ज्युरी पहिल्या मिनिटातच आवाजावरून अर्धी गाळणी करत असणार. चित्र हललं तर 'हँडहेल्ड स्टाईल' म्हणून खपतं, आवाज गेला तर कशाच्याच नावाने खपत नाही. आणि आपल्याकडची पोरं सगळे पैसे घालतात लेन्समध्ये.

दुसरी गोष्ट जी इथे फुकटात शिकायला मिळते ती फोनची. हल्ली सगळे फोनवरच शूट करतात, मला त्यात काही वाईट वाटत नाही, पण फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपायची ते) एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला, फोन तापला की कमी-जास्त करतो. मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला बरोबर बसतो आणि सात-आठ मिनिटांनी ओठ पुढे आवाज मागे. आमची पोरं हे हाताने थोडं थोडं सरकवत बसली होती, रडकुंडीला आली. नानांनी सगळ्या फाईली आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढून पंचवीसच्या कायमच्या फ्रेम रेटवर आणल्या आणि मग टाईमलाईनवर टाकल्या, प्रश्नच मिटला. सॉफ्टवेअर फुकटचं आहे, घरीही करता येतं. ते शिकवायचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त एक शिवी हासडली, तीही प्रेमाने.

एडिटिंगचं टेबल तासावर मिळतं. तुम्ही बसा, तेही बसतात. नाना मूळचे अमळनेरकडचे, साठीच्या पुढचे, आख्खी हयात लग्नाच्या शूटिंगमध्ये गेली, खांद्यावर पॅनासॉनिकचा तो भलामोठा एम नऊ हजार व्हिडिओ कॅमेरा, मागे हॅलोजन धरून चालणारा पोऱ्या, आणि रात्री मिक्सिंग. हो, एडिटिंगला ते अजून मिक्सिंगच म्हणतात. कॉम्प्युटरवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणून एडियस आहे, प्रीमियर पण आहे पण ते उघडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. लग्नवाल्या एडियसमध्ये फुलं उडतात, हार्ट फिरतात, तसले इफेक्ट ते डॉक्युमेंटरीला लावून देत नाहीत, पोरांनी हट्ट केला तरी. "मी सांगस ते आयक" म्हणून माऊस हातातून काढून घेतात. काही पोरांना याचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तो रास्तही असतो, कारण एका पोरीला तिची फिल्म मुद्दाम तुटक-तुटक ठेवायची होती आणि नानांना ते शेवटपर्यंत चूक वाटत राहिलं. तिने ऐकलं नाही, बरं केलं.

आता ज्या कारणासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले ते.

आमच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात एक शिल्ड आहे. लाकडावर पितळी पत्रा, त्यावर 'राष्ट्रीय', 'विद्यार्थी', 'तृतीय' एवढं वाचता येतं, वर्ष घासून गेलंय कारण शिपाईमामा दर सव्वीस जानेवारीला ब्रासोने पुसतात. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून फाईल करायला घेतली तेव्हा मला विचारणा झाली की ही शिल्ड कशाबद्दल, कोणत्या फिल्मला, केव्हा. कोणालाच माहीत नाही. तेव्हाचे सर रिटायर, पोरं पुण्या-मुंबईला, ऑफिसच्या कॅशबुकात गाडीभाड्याची एक नोंद, बस्स. कॉलेजला राष्ट्रीय बक्षीस मिळालं आणि ते कशाला मिळालं हे कॉलेजलाच ठाऊक नाही, याला काय म्हणायचं.

त्याच वेळी मी बाहेरच्या देशातली स्टुडंट टीव्ही स्टेशनं कशी चालतात ते शोधत होते, फाईलमध्ये 'बेस्ट प्रॅक्टिसेस' नावाचा एक रकाना असतो तो भरायचा होता. तर ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या पोरांनी १९६४ मध्ये स्वतःचं टीव्ही स्टेशन काढलं. १९६४! तेव्हा आपल्याकडे टीव्ही होता फक्त दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झालेला, आणि रोजचं प्रसारण १९६५ ला सुरू व्हायचं होतं. इंग्लंडातलं सगळ्यात जुनं यॉर्कचं, १९६७ चं. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजचं १९७० च्या सुमाराचं. म्हणजे आपलं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू व्हायच्या आधी तिकडे या तीन ठिकाणची पोरं आपले आपले कार्यक्रम करत होती. ही स्टेशनं वाढली तशी १९७३ मध्ये त्यांची देशभराची संघटना झाली, नॅस्टा, आणि तिचे राष्ट्रीय पुरस्कार दर वर्षी असतात. सोहळा एका जागी नाही, कधी या विद्यापीठाचं स्टेशन यजमान कधी त्या, परीक्षक टीव्हीच्या धंद्यातले लोक. बातम्या, विनोदी, नाटक, माहितीपट, तांत्रिक काम, अगदी सुरुवातीच्या टायटल्सना पण वेगळं बक्षीस, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वर्षातलं सर्वोत्तम स्टेशन.

मला त्यात बक्षिसांपेक्षा दुसरीच गोष्ट अडकली. तिकडेही पोरं तीन वर्षांत पास होऊन जातात, आपल्यासारखीच. यॉर्कला १९६७ च्या बॅचमधला आज कोणी नाही, त्यानंतर किती पिढ्या आल्या-गेल्या. तरी कधी काय केलं, कशाला काय मिळालं याची नोंद आहे, जुने कार्यक्रम त्यांनी स्वतःच्या वेबसाईटवर पाहायला ठेवलेत. कारण तिथे स्टेशन पोरांच्या संघाचं आहे, पोरंच पुढच्या पोरांच्या हातात चाव्या देतात, कपाट देतात, वही देतात. आपल्याकडे चॅनेल असतं एका उत्साही सरांचं. सरांची बदली झाली की पासवर्ड गेला. (आमच्या चॅनेलचा पहिला जीमेल असाच गेलाय, रिकव्हरी नंबर ज्या सरांचा होता त्यांनी सिमच बदललं.)

आपल्याकडे हे का झालं नाही याचं कारण पोरं आळशी आहेत असं नाही. आपल्याकडे टीव्ही सरकारचा होता. कॉलेजांसाठी टीव्ही आला तोही वरून, १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) 'कंट्रीवाईड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला, त्यासाठी पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी सेंटर निघाली, कार्यक्रम चांगले असायचे, पण करणारे प्रोड्युसर पगारी आणि पोरं समोर बसून बघणारी. रेडिओचं दार २००२ च्या शेवटी उघडलं, शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची परवानगी मिळाली, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं पहिलं कॅम्पस स्टेशन लागलं. त्या स्टेशनांना आता माहिती-प्रसारण मंत्रालय राष्ट्रीय पुरस्कारही देतं. टीव्हीला मात्र असं लायसन्सच नाही, म्हणून आपले सगळे 'कॉलेज टीव्ही' थेट यूट्यूबवर जन्मले, त्याला ना खोली ना कपाट ना वही.

तर ही शिल्डची गोष्ट मी नानांकडे माईक परत करताना अशीच बोलून गेले. नाना उठले, मागच्या लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं. आत एका बाजूला हार्डडिस्का, जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि मार्करने कॉलेजचं नाव, साल. दुसऱ्या बाजूला बुटाच्या खोक्यात मिनी डीव्हीच्या कॅसेटी, लिज्जतच्या पापडासारख्या एकावर एक रचलेल्या. त्यात आमच्या कॉलेजच्या तीन निघाल्या. एकीवर बॉलपेनने 'केळी हमाल – मास्टर – दिल्ली'.

ती उघडायला एक अख्खी दुपार गेली. कॅसेट म्हणजे फाईल नाही की कॉपी-पेस्ट केली. त्यासाठी नानांनी एक जुना पीसी जपून ठेवलाय, विंडोज एक्सपीवाला, त्यात कॅसेटचा कॅमेरा जोडायचं फायरवायरचं कार्ड, इंटरनेटला तो कधीच जोडत नाहीत. कॅसेट ज्या जातीच्या कॅमेऱ्यात भरली तसला कॅमेरा शोधून त्याचं हेड क्लीनर कॅसेटने साफ केलं, मग आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली, कारण वर्षानुवर्षं पडून राहिली की टेप आतून चिकटते आणि एकदम प्ले केलं तर तुटू शकते. मग प्ले. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते, मधे घाई नाही, तासाला साधारण तेरा जीबी. पहिली काही मिनिटं नुसते चौकोन-चौकोन, आवाज खर्रर्र. नानांनी थांबवलं, हेड परत पुसलं, परत लावलं.

आणि चित्र आलं. पहाटेचा अंधार, यावलकडचा कुठलातरी मळा, ट्रकच्या फाळक्यावर एक माणूस उभा आणि खालून दोघं केळीचे घड वर देतायत, घडाच्या मधे केळीचीच पानं टाकत, न बोलता. कॅमेरा हलत नाही. बराच वेळ हलत नाही. मग खालच्या हमालाचा आवाज येतो, खांद्याला काळा चीक लागतो तो कपड्यातून जात नाही म्हणून बायको वेगळा सदरा ठेवते, असं काहीतरी तो सांगतोय, अगदी कानाशी बोलल्यासारखं स्वच्छ. त्याच्या बनियनला आतून कॉलर माईक लावलेला, वायर दिसते एका शॉटमध्ये. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले माईक माझाच होता.

शेवटी नावं होती. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, सगळी पोरं, आणि साल. एवढ्यावर शोधाशोध करून त्यातल्या एकाला फोन लागला, तो आता नाशिकला बँकेत आहे, मीडियाशी काही संबंध नाही. "मॅडम ती फिल्म आहे अजून?" एवढंच विचारलं त्याने, मग बराच वेळ लिंक कधी पाठवताय, लिंक कधी पाठवताय. नॅकच्या फाईलचा रकाना भरला गेला, ते सोडा. आम्ही ती फिल्म पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवली, आणि फोनवर फोर-केमध्ये शूट करणाऱ्या त्या पोरांना जुन्या कॅसेटवरच्या मळकट चित्रात काय आहे जे आपल्यात नाही ते आपोआप दिसलं, मला लेक्चर द्यावं लागलं नाही.

म्हणून माझ्या मते या दुकानाची सगळ्यात मोठी सर्व्हिस भाडं पण नाही, एडिटिंग पण नाही, कपाट आहे. कुठलंही काम झालं की नाना मास्टरची, म्हणजे तयार फिल्मची, एक कॉपी स्वतःजवळ ठेवतात, आधी विचारून, वर्षाला नाममात्र पैसे घेऊन. जे काम कॉलेजने करायला पाहिजे ते एक मिक्सिंगवाला करतोय.

स्पर्धेला पाठवायच्या वेळचीही मदत चांगली आहे. नाना नियमावली प्रिंट काढून घेतात आणि टिकमार्क करत जातात. किती मिनिटं, कोणता फॉरमॅट, सबटायटल इंग्रजीत की हिंदीत, संगीत कुठून उचललं. एकदा नियमात होतं की फिल्ममध्ये संस्थेचं नाव कुठेही दिसायला नको, परीक्षकांना कळू नये म्हणून, आणि आमच्या पोरांनी शेवटी प्राचार्य, उपप्राचार्य, संस्थाचालक सगळ्यांचे आभार मानलेले, वर कॉलेजचा लोगो फिरतोय. नानांनी दोन कॉप्या करून दिल्या, एक स्पर्धेची, एक कॉलेजच्या गॅदरिंगची. हुशार माणूस. मोठ्यांच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराला जायचं असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं हेही मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळलं, पोरं शॉर्टफिल्म केली की लगेच 'नॅशनलला टाकू' म्हणतात म्हणून ते आधीच सांगून ठेवतात.

त्यावरून त्यांची एक ठरलेली बढाई आहे, गेलात की ऐकावी लागेल. १९५४ साली पहिले राष्ट्रीय पुरस्कार दिले तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं 'श्यामची आई'ला, आणि साने गुरुजी शिक्षक होते अमळनेरला. "आमना अमयनेरना मास्तरनी गोट शे ती भो," असं म्हणून ते समोरच्या पोराकडे असं बघतात की जणू पदक यांच्याच कपाटात आहे. मी मग शिरपूर काढते. स्मिता पाटीलचं घराणं शिरपूरचं, आणि सिनेमात जायच्या आधी ती मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची, पुढे अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार. बुलेटिन वाचायला लाजणाऱ्या पोरींना हे मी मुद्दाम सांगते. आणि कॉलेजच्या फिल्मने काय होतं असं कुणी म्हटलं तर नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' आहेच, नगरला कम्युनिकेशन शिकताना केलेली छोटी फिल्म, ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारात दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर फिल्मचा पुरस्कार घेऊन आली. नगर काही मुंबई नाही. तिथून जमतं तर जळगाव-धुळ्याहून का नाही.

आता कुरकुर. पक्कं बिल मिळत नाही, साध्या पावतीपुस्तकावर कार्बन घालून पावती, जीएसटी नंबर नाही, त्यामुळे आमच्या अकाउंट सेक्शनने ती पावती अशी धरली होती जशी काही मेलेली पाल आहे. शेवटी ते पैसे खिशातून गेले, सीएचबीचं मानधन कधी होतं ते आपण सगळे जाणतो त्यामुळे जास्त बोलत नाही. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. वर खोलीत एसी नाही, उन्हाळ्यात दुपारी दोन नंतर कॉम्प्युटर पण हँग होतो आणि माणूस पण, आणि विनोद म्हणजे तिथेही कूलरच आहे, आवाज तपासायचा असेल तर नाना तो बंद करतात आणि सगळे घाम पुसत बसतात. नानांची बोलायची सवय जबर आहे, तुम्ही एक तास बुक केला तर त्यातली वीस मिनिटं एम नऊ हजारच्या आठवणीत जाणार, ते बिलात धरत नाहीत हे खरं, पण बस चुकते. पोरींनी एकटं रात्री उशिरापर्यंत बसायची सोय नाही, आठला शटर खाली, मला ते ठीकच वाटतं.

आणि एक काळजी आहे ती तक्रार म्हणून लिहू की नको कळत नाही. त्या कपाटाची दुसरी कॉपी कुठेच नाहीये. एक हार्डडिस्क बसली की त्या कॉलेजचं सगळं गेलं. नानांना मी क्लाउडचं बोलले तर ते म्हणाले त्याचे डॉलरमध्ये पैसे कोण भरणार. बरोबर आहे, त्यांनी का भरावे. तुमची फिल्म त्यांच्याकडे असेल तर स्वतःची डिस्क घेऊन जा आणि कॉपी करून आणा, ते नाही म्हणत नाहीत. कॅसेटवाल्यांनी तर लवकर करा, तो कॅमेरा आणि तो एक्सपीवाला पीसी बंद पडला की जळगावात दुसरं ठिकाण निदान मला तरी माहीत नाही.

मार्क द्यायचे तर माईक आणि सल्ला पाचपैकी पाच, कॅमेरे साडेतीन, एडिटिंग चार, बसायची सोय दोन, बिल शून्य.

जायचं असेल तर तुळशीच्या लग्नाच्या आधी जा किंवा मग तिथी नसेल तो आठवडा बघून, लग्नाच्या तारखांना सगळे माईक भावकीतल्या शूटिंगवाल्यांकडे गेलेले असतात. सकाळी अकराच्या आत नाना नसतात. सोबत न्यायचं : आयकार्ड, लेटरहेड, स्पर्धेची नियमावली प्रिंट करून, एक टीबीची रिकामी हार्डडिस्क आणि स्वतःचा हेडफोन, तिथल्या हेडफोनचा एक कान बंद आहे.